मुलांना घेऊन समुद्रावर जाताय? आधी तिथी बघा

कोकणातल्या खोलीचं बुकिंग दोन महिने आधी होतं, पण पाण्यात उतरायच्या दिवशी भरती किती वाजता आहे, हे बहुतेकांना वाळूवर पोचल्यावरही माहीत नसतं. त्यासाठी ॲपच हवं असं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला 15 धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. ठिकाणानुसार तासभर मागंपुढं होतं, म्हणून पोचल्यावर एखाद्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारून वेळ पक्की करा.

पौर्णिमा-अमावास्या आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. मुंबई-अलिबागकडे तेव्हा पाणी चार मीटरच्या आसपास चढतं, मालवण-गोव्याकडे साधारण त्याच्या निम्मं. पण ते सहा तासांत सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम फूटभर, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र दर तासाला मीटरभर. पुळण 50 मीटरला 1 मीटर अशी उतरती असेल, तर त्या एका तासात पाणी 50 मीटर आत येतं. चपला, पिशव्या आणि वाळूवर नेलेली गाडी नेमकी याच वेळी सापडते. ओल्या वाळूवर गाडी नेऊच नका. चाक रुतलं आणि एक्सलरेटर दाबला की ते आणखी खोल जातं, आणि ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी बॉनेटपर्यंत आलेलं असतं.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर हेच गणित वापरा. चतुर्थी-पंचमीला ओहोटी सकाळी नऊ-दहाला येते. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटीनंतर तासाभरात परत या. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी नीट हटतच नाही. त्या दिवशी पायी जायचा हट्ट नको.

पाण्यात उतरायचं ते चढत्या भरतीच्या पहिल्या टप्प्यात. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, आणि खाडीच्या तोंडाशी ती ओढ सगळ्यात वाईट. फसवी जागा ओळखायची खूण अशी: दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस दिसतो आणि मधेच एक काळसर, शांत पट्टा असतो. नवखा माणूस नेमका त्या ‘शांत’ पाण्यात मुलाला घेऊन उतरतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं, म्हणून तिथं लाट फुटत नाही. इंग्रजीत याला रिप करंट म्हणतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून बुडायला होतं. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत फेसाच्या पट्ट्यात या आणि लाटेबरोबर बाहेर पडा. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगा आणि एक हात वर करून हलवा.

पावसाळ्यात पाण्यात जायचंच नाही, पण बाकीचे महिने सुरक्षित असतात असंही नाही. 2016 च्या फेब्रुवारीत मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. वारा नसतानाही दूरवरून उठलेल्या मोठ्या लाटा येऊ शकतात. त्याचा इशारा हैदराबादची इन्कॉइस संस्था देते, तो निघण्याआधी बघावा.

मुलांसाठी गुडघ्यापर्यंतचं पाणी ही हद्द. मोठ्या माणसानं मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला, हात पोचेल एवढ्या अंतरावर उभं राहायचं. ‘सगळेच बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नसतं. एकाचं नाव घ्या, त्याचा मोबाइल काढून घ्या आणि वीस मिनिटांनी माणूस बदला. निळा-पांढरा पोहण्याचा पोशाख पाण्यात दिसत नाही, झगझगीत नारिंगी घ्या. हवेच्या ट्यूब किनाऱ्यावरच ठेवा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि ट्यूब बघता बघता आत नेतो. बोटीत बसताना लाइफ जॅकेटचे पट्टे बांधून ते खांद्याला धरून वर ओढून बघा. मुलाच्या कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. वाळूत खड्डा खणायचा तो मुलाच्या गुडघ्याइतकाच, कडा ढासळतात.

पावसाळ्यात जुहूसारख्या किनाऱ्यांवर निळे फुगे वाहून येतात, ते ब्लूबॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे डसणारे जीव. मेलेलेही डसतात. अंगाला चिकटलेले त्यांचे दोरे चिमट्यानं काढा, समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात 20 मिनिटं भाग बुडवा. व्हिनेगर लावू नका. पाकट या चपट्या माशाचा काटा लागला तरी गरम पाणीच, पण अर्धा ते दीड तास. पाणी आधी मोठ्या माणसानं स्वतःच्या हातावर तपासावं. काटा खोल रुतला असेल तर उपसू नका, दवाखान्यात न्या. पाकट उथळ वाळूत दबून असतं, म्हणून पाय उचलून न टाकता घासत चाला.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका, दोर, रिकामा कॅन, ट्यूब फेका. बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं हे गावोगाव अजून चालतं. त्यानं पोटातलं पाणी फुप्फुसात जातं आणि वेळही जातो. श्वास नसेल तर आधी तोंडानं 2 श्वास द्या, मग छातीच्या मधोमध 30 दाब, पुन्हा 2 श्वास. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबली पाहिजे, लहान मुलाची एक तृतीयांश, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगानं. त्याच वेळी दुसऱ्यानं 108 किंवा 112 लावायचा. माणूस अजून समुद्रात असेल तर तटरक्षक दलाचा क्रमांक 1554. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.