नायट्रोग्लिसरीनचा पॅच लावताय? या चुका टाळा

डॉक्टरांनी "आणखी काय औषधं चालू आहेत?" असं विचारलं की आपण गोळ्यांची नावं सांगतो, छातीवर चिकटवलेला पॅच सांगायचा राहतो. घोळ तिथेच होतो. अंजायनासाठी, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळेसाठी, दिलेला हा पॅच कातडीतून रक्तात औषध सोडतो, रक्तवाहिन्या सैलावतात. त्यात रक्तदाब उतरवणारं आणखी काही पोटात गेलं, की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस पडतो.

सगळ्यात घातक जोडी सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा टाडालाफिल या लैंगिक ताकदीसाठीच्या गोळ्यांची. पॅच थोडा वेळ काढून गोळी घ्यायची, ही पळवाट चालत नाही. नायट्रेट (नायट्रोग्लिसरीन याच गटातलं औषध) नियमित चालू असेल तर या गोळ्या बंदच. टाडालाफिल प्रोस्टेटसाठीही देतात, त्यामुळे युरॉलॉजिस्टलाही पॅच दाखवा. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या गोळ्यांतही सिल्डेनाफिलची भेसळ अनेकदा सापडली आहे. अशी गोळी घेतल्यावर छातीत दुखलं, तर लाज बाजूला ठेवून इस्पितळात आधी तेच सांगायचं.

खाण्याचं विशेष पथ्य नाही. दारू मात्र नको, तीही रक्तदाब पाडते. अर्धशिशीसाठी एर्गोटामिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, ते हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतं. तीव्र अ‍ॅनिमिया, डोक्याला मार, हृदयाची अरुंद झालेली झडप किंवा जाड झालेला स्नायू यांपैकी काही असेल तर तेही लपवू नका. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तेव्हाही विचारूनच पॅच लावा.

"चोवीस तास ठेवला तर जास्त गुण" हा आणखी एक गैरसमज. शरीराला नायट्रेटची सवय होते. डायनामाइटमध्येही नायट्रोग्लिसरीनच असतं; त्याच्या कारखान्यातल्या कामगारांचं डोकं सोमवारी ठणकायचं, आठवडाभरात थांबायचं आणि सुट्टीनंतर पुन्हा सुरू व्हायचं, ते याचमुळे. म्हणून साधारण १२ ते १४ तास लावून उरलेला वेळ कातडी मोकळी ठेवतात. नेमकी वेळ डॉक्टर ठरवतील. सुरुवातीला डोकं दुखलं म्हणून परस्पर पॅच बंद करू नका.

कळ आल्यावर नवा पॅच चिकटवणं निरुपयोगी, तो सावकाश काम करतो. तेव्हा जिभेखाली ठेवायला दिलेलं औषध घ्या आणि कळ थांबली नाही तर ताबडतोब १०८ ला फोन करा.

पॅचवर गरम पिशवी शेकू नका, औषध झपाट्याने आत जातं. एमआरआयला जाण्यापूर्वी पॅचबद्दल सांगा. काही पॅचच्या मागच्या बाजूला धातूचा थर असतो. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं, तेव्हा चिकट बाजू आत दुमडून पोरांच्या हाती लागणार नाही असा टाका.