जुनी शिकारी रायफल घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

अनेक वर्षं कोपऱ्यात पडून गंजलेली शिकारी रायफल हातात आली की पहिली ऊर्मी येते ती पॉलिश पेपर घेऊन घासायला बसण्याची. कृपया तो पेपर आधी बाजूला ठेवा. अशा रायफलींवर मला दिसलेलं सर्वांत वाईट नुकसान गंजाने केलेलं नव्हतं, ते उत्साहाने केलेलं होतं. घासून गेलेलं पोलाद परत येत नाही. त्यामुळे या कामात काय काढायचं यापेक्षा कशाला हात लावायचा नाही हे आधी ठरवावं लागतं.

"रिकामीच आहे" यावर विश्वास ठेवणं

देणाऱ्याने कितीही खात्री दिली तरी स्वतः तपासा. मॅगझिन (काडतुसं साठवायचा भाग) काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) उघडा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीत, उजेड पाडून बघा आणि वर बोटाने चाचपा. नळीच्या आकाराचं मॅगझिन असेल तर गंजलेल्या स्प्रिंगमागे एखादं काडतूस अडकून राहू शकतं. बोल्ट गंजून घट्ट बसला असेल आणि आतलं दिसतच नसेल, तर रायफल भरलेली आहे असंच धरून चाला. तिला ठोकू नका, तापवू नका, सरळ गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या. परवाना आणि मालकीची कागदपत्रंही याच वेळी पाहून घ्या. घरी कितपत काम करायला परवानगी आहे, हे आपल्याकडच्या कायद्यावर ठरतं.

ओळख पटवण्याआधी काम सुरू करणं

नळीवरचे आणि रिसीव्हरवरचे (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या मधल्या भागावरचे) सगळे शिक्के, क्रमांक, प्रूफ मार्क (चाचणी झाल्याचे ठसे) यांचे जवळून फोटो काढा. मूळ फिनिश टिकून असलेल्या जुन्या रायफलीला संग्राहकांकडे वेगळीच किंमत असते. ती नव्याने चकचकीत केली की ही किंमत बहुतेक वेळा उतरते. सिरियल नंबर घासला जाणं तर अनेक देशांत थेट गुन्हा ठरतो.

नळीवर लिहिलेलं कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, खरं असेलच असंही नाही. जुन्या रायफलींचं चेंबर मधल्या काळात कुणीतरी बदललेलं असू शकतं. ८ मिमी माउझर या काडतुसाच्या जुन्या आणि नव्या गोळ्यांचा व्यास अनुक्रमे .३१८ आणि .३२३ इंच आहे. जुन्या, अरुंद नळीत जाड गोळी झाडली तर दाब धोकादायक पातळीवर जातो. शंका असेल तर गनस्मिथ चेंबरचा साचा काढून मापं घेतो.

साधा स्क्रूड्रायव्हर वापरणं

घरातल्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं. ते स्क्रूच्या खाचेत फक्त वरच्या कडेला टेकतं, जोर लावला की वर सरकतं आणि खाच चावली जाते. बंदुकीच्या कामाच्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाशी दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं असतं आणि ते खाचेच्या तळापर्यंत भरून बसतं. पात्याची रुंदीही खाचेएवढीच हवी. जास्त रुंद पातं भोवतालच्या धातूवर ओरखडे पाडतं.

स्क्रू हलत नसेल तर भेदक तेल (गंजलेल्या फटीत झिरपणारं तेल) सोडून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी पातं खाचेत बसवून मुठीवर हलके ठोके द्या. आधी स्क्रू किंचित आवळून पाहा, मग सैल करा. तरीही हलला नाही तर सोल्डरिंग आयर्नचं टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. गॅसची ज्योत रिसीव्हरवर कधीही धरू नका. रिसीव्हरची आणि बोल्टची ताकद उष्णतेच्या नेमक्या प्रक्रियेतून आलेली असते. अमेरिकेच्या १९०३ स्प्रिंगफील्ड रायफलीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ती बनवणाऱ्या कारखान्यात कामगार तापमान नजरेने ठरवत. काही रिसीव्हर जास्त तापून ठिसूळ झाले आणि गोळी झाडताना फुटले. म्हणूनच ८,००,००० पेक्षा कमी क्रमांकाच्या स्प्रिंगफील्ड आजही झाडू नयेत, असा सल्ला दिला जातो. कारखान्यात जे घडलं, ते घरातल्या ज्योतीनेही घडू शकतं.

गंज आणि ब्लूइंग या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत असं समजणं

मला सर्वांत जास्त कळकळीने सांगायचंय ते हे. पोलादावरचा निळसर-काळा थर म्हणजे ब्लूइंग हासुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच आहे. तांबडा गंज सुटा, भुसभुशीत असतो आणि ओलावा धरतो. काळा ऑक्साइड घट्ट चिकटून राहतो. त्यामुळे व्हिनेगर, फॉस्फोरिक ॲसिडची जेली असं जे काही गंज खातं, ते ब्लूइंगही खातं. गंजाचे दोन ठिपके घालवायला म्हणून नळी व्हिनेगरमध्ये बुडवली, की ती पूर्ण करडी होऊन बाहेर येते.

सुरुवात पातळ तेलाने आणि ०००० नंबरच्या (अगदी बारीक) स्टील वूलने करा. तेल लावून थोडा वेळ थांबा, मग हलक्या हाताने छोट्या वर्तुळात फिरवा. वर येणारं तेल तांबूस आहे तोवर गंज निघतोय. ते काळपट व्हायला लागलं आणि खालून उजळ पोलाद डोकावलं, की थर जायला लागला. तिथेच हात थांबवा.

गंज सगळीकडे पसरलेला असेल तर उकळण्याची पद्धत फार उपयोगी पडते. लाकूड आणि सगळे सुटे भाग काढा, ॲसिटोनने तेलाचा अंशही राहणार नाही असं पुसा आणि भाग डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण बुडवून वीसेक मिनिटं ते अर्धा तास उकळा. नळाच्या पाण्यातले क्षार डाग पाडतात, म्हणून डिस्टिल्डच पाणी घ्या. तांबडा गंज मखमलीसारखा काळा होऊन वर येतो. तो तेल काढून टाकलेल्या स्टील वूलने पुसला की खाली राखाडी-काळा, घट्ट थर उरतो. तांबडं दिसेनासं होईपर्यंत हेच पुन्हा करा, मग लगेच वाळवून आत-बाहेर तेल लावा. पारंपरिक रस्ट ब्लूइंगही (मुद्दाम गंज चढवून तो उकळून काळा करण्याची पद्धत) याच रसायनावर चालतं.

गंजाने पडलेले खड्डे राहतील, त्यांच्या मागे लागू नका. खड्डा जाईपर्यंत घासलं की कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो.

कोल्ड ब्लूइंग, म्हणजे न उकळता द्रावण चोपडून दिलेला काळा रंग, छोट्या जागांपुरतं ठीक आहे. ते डाग-डाग उमटलं तर बहुधा पृष्ठभागावर बोटांचं तेल राहिलेलं असतं. पुन्हा ॲसिटोनने पुसा, भाग हाताला कोमट लागेल इतपत गरम करा आणि परत लावा. दुसऱ्या दिवशी तांबडी झाक आली तर द्रावण नीट धुतलं गेलेलं नाही. त्यात बहुधा सेलेनियमची संयुगं असतात, म्हणून हातमोजे आणि खेळती हवा हवीच. कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणातलं हॉट ब्लूइंग घरी करू नका. उकळतं द्रावण अंगावर उडण्याची भीती आहेच, शिवाय दुनळी बंदुकीच्या नळ्या जोडणाऱ्या पट्ट्यांचं सोल्डरही त्यात खाल्लं जातं.

नळी तोंडाकडून घासणं

नळीच्या तोंडाची कड, म्हणजे क्राउन, गोळीला शेवटचा स्पर्श करते. साफसफाईचा रॉड तिथे घासत राहिला तर नेम बिघडतो. शक्य असेल तिथे मागूनच रॉड घाला आणि रॉड गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) वापरा. पॅचवर (नळी पुसायच्या कापडी तुकड्यावर) निळा-हिरवा रंग आला तर गोळ्यांनी मागे सोडलेला तांब्याचा थर निघतोय, पण पितळी जॅग (रॉडच्या टोकाचा, पॅच धरणारा भाग) वापरत असाल तर तोच रंग जॅगमुळेही येतो. जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून (बुडाशी ठिणगी देणाऱ्या भागातून) पोटॅशियम क्लोराइड हे मीठ नळीत उरतं. ते तेलात विरघळत नाही, त्याला गरम पाणीच लागतं. नळी काळवंडलेली दिसली म्हणून ती बाद झाली असं मानू नका. अशा नळ्या पुष्कळदा छान नेम देतात.

दस्ता घासून पातळ करणं

दस्त्याचं, म्हणजे रायफलीच्या लाकडी भागाचं, लाकूड मुळात धातूपेक्षा किंचित उंच ठेवलेलं असतं. पॉलिश पेपरने ते खाली गेलं की रायफल कायमची ओबडधोबड दिसते. दबलेल्या जागेवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवा, वाफेने तंतू फुगून वर येतात. तुटलेले तंतू मात्र येत नाहीत. चेकरिंगला (पकडीसाठी कोरलेल्या चौकड्यांना) फक्त टूथब्रश आणि सौम्य सॉल्व्हंट लावा.

दस्त्याच्या मनगटाशी (हाताने धरायच्या निमुळत्या भागाशी) लाकूड काळं आणि मऊ झालं असेल तर वर्षानुवर्षं मुरलेलं तेल हे त्याचं कारण असतं. व्हाइटिंगची (खडूची) भुकटी ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झाडा, पुन्हा द्या. हे न करता तडा चिकटवलात तर इपॉक्सी धरणार नाही. शेवटी जवसाचं तेल अगदी पातळ हातांनी, प्रत्येक थर वाळू देऊन लावा. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून फेकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

खटका आणि बोल्ट स्वतः 'सुधारणं'

सिअर म्हणजे खटका ओढेपर्यंत मारक भाग अडवून धरणारा तुकडा. त्याचा कडक थर बऱ्याचदा अगदी पातळ असतो. ट्रिगर हलका करायला तो घासला की खालचं मऊ पोलाद झिजू लागतं आणि रायफल धक्क्याने सुटू शकते. हे काम गनस्मिथचंच. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट बसवला असेल, किंवा बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरशी जुळत नसेल, तर गो आणि नो-गो गेजने (ठरावीक मापाच्या तपासणी ठोकळ्यांनी) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यातली काडतुसासाठीची जागा, तपासल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.

जोडणी झाली की डमी काडतुसांनी भरणं, बाहेर फेकणं आणि सेफ्टी तपासा. तपासणी करून घेतल्यावर पहिल्या गोळ्या झाडाल तेव्हा प्रत्येक रिकामं केस (काडतुसाचं पितळी कवच) उचलून बघा. बुडाच्या थोडं वर उजळ कडं दिसलं तर केस तिथे ताणलं गेलंय. तिथेच थांबा, आणि रायफल आणि ते केस घेऊन गनस्मिथकडे परत न्या.