पियानोचे सोपे पीस शिकवताना या चुका टाळा

"सर, पुढची ग्रेड कधी?" हा प्रश्न कोथरूडच्या पालकांकडून पहिल्याच महिन्यात येतो. अबॅकसच्या लेव्हल असतात, तशाच पियानोच्या ग्रेड. मग परीक्षेचे तीन पीस वर्षभर घोटायचे, सर्टिफिकेट भिंतीवर लावायचं आणि पुढच्या ग्रेडचं पुस्तक आणायचं. अशा मुलासमोर चौथा, तितकाच सोपा पीस ठेवा. पहिल्या ओळीतच गाडी अडते.

माझा ठोकताळा साधा आहे. दोन-तीन आठवड्यांत हातात न बसणारा पीस त्या मुलाला आज जड आहे. परीक्षेचा पीस चालू असताना त्याहून सोपे चार-पाच पीस न घोटता, नुसते पुस्तकात बघून वाजवायला द्या. हंगेरियन संगीतकार बार्टोकच्या 'मिक्रोकॉसमॉस' या पियानोच्या पुस्तकमालेत (१९२६ ते १९३९) चढत्या क्रमाने १५३ पीस आहेत. सुरुवातीच्या पीसमध्ये दोन्ही हात एकच चाल वाजवतात. ऐकणाऱ्याला ते बाळबोध वाटतं. पण उजवा हात अंगठ्याने जो सूर धरतो, तोच डाव्याला करंगळीने धरायचा असतो. गोंधळ तिथेच होतो, म्हणून ते पीस गाळू नका.

दुसरी अडचण आपल्याकडची खास. बरीच मुलं पेटीवरून येतात. पेटीत आवाज भात्यावर ठरतो, पट्टी जोरात दाबली काय किंवा हळू दाबली काय. पियानोत मात्र पट्टी किती वेगाने खाली जाते, त्यावर आवाज लहान-मोठा होतो. शिवाय डाव्या हाताला आजवर भाता मारण्याचंच काम. त्यामुळे बोटं आडवी पडतात आणि डावा हात मागे रेंगाळतो. त्यावर उपाय म्हणजे डाव्या हाताची ओळ आठवडाभर एकटी वाजवायची, तीही गात. घरी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पहिल्या वर्षाला चालेल, पण दाबाप्रमाणे आवाज बदलणाराच घ्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पीस फक्त बोटांसाठी वापरणं. जर्मन संगीतकार बाखने १७२३ मध्ये आपल्या इन्व्हेन्शन्सच्या (शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या छोट्या पीसच्या) मुखपृष्ठावर लिहून ठेवलं होतं, की वाजवणं शिकता शिकता रचनेचीही गोडी लागावी. आपण तेवढंच विसरतो. जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट (जुन्या युरोपीय नाचाच्या चालीचा पीस) घ्या (बाखच्या नावाने खपतो, पण आहे क्रिस्टियान पेट्झोल्डचा). पांढरी पाचला सा धरा. आठव्या बारला (बार म्हणजे नोटेशनच्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा) चाल रे वर लोंबकळते. नवव्यापासून तीच चाल पुन्हा सुरू होते आणि सोळाव्याला सा वर घरी येते. प्रश्न आणि उत्तर. मुलाला म्हणा, पहिले आठ बार तसेच ठेव, उत्तर तुझं तू कर. पहिली उत्तरं भयंकर असतात. लगेच दुरुस्त करायला धावू नका, फक्त विचारा, "घरी आलास का?"

त्याहून सोपा खेळ काळ्या पट्ट्यांचा. काळी तीनला सा धरून फक्त काळ्या पट्ट्या वाजवल्या की भूपाचे सूर मिळतात. त्याच पाच पट्ट्या, सा काळी एकला नेला की दुर्गा. काळी पाचला नेला की मालकंस. तुम्ही डाव्या बाजूला सा-प धरून बसा (मालकंसात प नाही, तिथे सा-म), मुलाला चार बार सुचू द्या. गाण्याच्या क्लासला जाणारी मुलं इथे एकदम फुलतात, आणि सा हलला की तेच सूर वेगळे का वाटतात, हे ज्याने त्याने कानाने शोधलेलं असतं.

किरकोळ गोष्टी. पुस्तकात छापलेले बोटांचे नंबर पाळा. ते दर वेळी बदलले तर हात काहीच लक्षात ठेवत नाही. एकाच बारला मूल अडखळत असेल तर दर वेळी पहिल्यापासून सुरू करू देऊ नका, त्या बारच्या आधीच्या बारपासून धरा. आणि पेडलपर्यंत पाय पोचत नसेल तर छानच, अजून वर्षभर पोचू नये.