विदर्भातल्या गावातून थिऑलॉजी (ख्रिस्ती धर्मशास्त्र) शिकायला बंगळुरूला येताय तर आधी हे वाचा

जय ख्रिस्त मंडळी.

दिवाळी झाली की फोन सुरू होतात, दारव्हा, दिग्रस, मूर्तिजापूर, अचलपूर, कधी पार धारणीकडून, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, की दादा मी बीएस्सी केलंय, कोणी बीकॉम, कोणी नर्सिंग, गावातल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं उपासना घेतो, तरुण संघ चालवतो, आता नीट शिकायचंय, तर येऊ का, इंग्रजीचं कसं, पैशाचं कसं. फोनवर प्रत्येकाला अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतो. मी यवतमाळ जिल्ह्यातला, अकोल्याला ॲग्री केलं, काही वर्षं शेती आणि मंडळी दोन्ही बघितलं, मग इकडे शिकायला आलो आणि इथंच पाळक म्हणून राहिलो. त्यामुळं हे आपल्याकडच्या पोरापोरींना डोळ्यासमोर ठेवूनच लिहितोय.

पहिली गोष्ट, कॉलेजचा फॉर्म नंतर. आधी आपल्या मंडळीशी बोला. म्हणजे नुसतं पाळकसाहेबांच्या कानावर घालायचं असं नाही, पास्टोरेट कमिटीसमोर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीसमोर, बसून विचारायचं की तुम्ही मला पाठवताय का, कशासाठी पाठवताय, आणि शिकून आलो की मला कुठं घेणार. दीक्षा, म्हणजे पाळक म्हणून अधिकृत नेमणूक, देणारी शेवटी मंडळीच असते, सेमिनरी (पाळकांचं कॉलेज) नाही. डिग्री हातात आली म्हणजे आपोआप पाळक झालो असं होत नाही, आणि प्रत्येक चर्चचं दीक्षेसाठी कुठली डिग्री चालते याचं आपापलं ठरलेलं असतं. सीएनआयचं (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एक, मेथॉडिस्टांचं एक, अलायन्सचं एक, स्वतंत्र मंडळ्यांचं आणखी वेगळं. हे लेखी विचारून घ्या. तीन-चार वर्षं अभ्यास करून परत गेल्यावर 'आपल्याकडे ही डिग्री धरत नाहीत' हे ऐकावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत, हुशार, प्रार्थनाशील माणसं, आणि ते दुःख फार खोल असतं.

आता डिग्र्यांचं. दोन मोठे रस्ते आहेत. एक सेरामपूरचा, म्हणजे सेनेट ऑफ सेरामपूर कॉलेज. केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली बंगालमध्ये कॉलेज काढलं, १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं सनद दिली कारण ते गाव तेव्हा डॅनिश लोकांकडे होतं, आणि १९१८ च्या सेरामपूर कॉलेज ॲक्टनं डिग्री देण्याचं काम पुढं चाललं. देशातल्या बऱ्याच सेमिनऱ्या याच सेनेटला जोडलेल्या आहेत. यांची मुख्य डिग्री बीडी, बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. दुसऱ्या विषयात ग्रॅज्युएट झालेल्याला साधारण चार वर्षं लागतात. दुसरा रस्ता एमडिवचा, मास्टर ऑफ डिव्हिनिटी, जिथं बहुतेक ठिकाणी एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची (एटीए) मान्यता असते आणि ग्रॅज्युएटला साधारण तीन वर्षं लागतात. नावात मास्टर आहे म्हणून एमडिव मोठी आणि बॅचलर आहे म्हणून बीडी लहान असं धरू नका, दोन्ही ग्रॅज्युएशननंतरच्याच. फक्त एटीएची मान्यता ही चर्चच्या जगातली मान्यता आहे, यूजीसीची नाही, त्यामुळं पुढं सरकारी मान्यतेच्या कॉलेजात शिकवायचं मनात असेल तर ते आधी विचारून घ्या.

आणि एक लय लोकांचं चुकतं म्हणून वेगळं लिहितो. तुमची एमएस्सी असो, एमकॉम असो, अगदी पीएचडी असो, एमटीएचला (मास्टर ऑफ थिऑलॉजी) सहसा डायरेक्ट बसता येत नाही. एमटीएच बीडीच्या वरची पायरी आहे, तीही चांगले मार्क असतील तर. आधी पाया घालावाच लागतो. कोणी मध्यस्थ तुम्हाला 'तुमचं पीजी झालंय ना, वर्षभरात एमटीएच करून देतो' म्हणत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

नोकरी सोडता येत नसेल, घरी म्हातारे आईवडील असतील, जमीन बघायला दुसरं कोणी नसेल, तर सेरामपूरचाच बीसीएस नावाचा कोर्स आहे, बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज, ग्रॅज्युएट झालेल्या सामान्य विश्वासणाऱ्यांसाठी घरी राहून करायचा. शिक्षक, नर्स, बँकेतले लोक जे रविवारी मंडळीत पुढं असतात त्यांना मी खरंच आधी हाच सुचवतो. कॅथलिक भावांचा मार्ग वेगळा, तो धर्मप्रांतातून जातो, नागपूरला सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरी आहेच, त्यांनी तिकडच्याच फादरांना विचारावं.

बंगळुरूच का, असंही विचारतात. खरं सांगू का, बंगळुरूच पाहिजे असं काही नाही. जबलपूरला लिओनार्ड सेमिनरी आहे, विदर्भातून जवळ. पुण्याला बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, आणि ही सेमिनरी १९५३ पासून १९८३ पर्यंत आपल्या यवतमाळलाच होती, हे आजच्या पोरांना माहितीच नसतं. देशभरातून लोक कापसाच्या जिल्ह्यात हिब्रू शिकायला यायचे. म्हणून खेड्यातून आलोय, आपलं कसं होणार, असं म्हणणाऱ्याला मी हे आधी सांगतो. बंगळुरूत मिलर्स रोडवर १९१० पासूनचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे आणि आणखीही सेमिनऱ्या आहेत, लायब्ररी मोठ्या आहेत, साऱ्या देशाची मंडळी एका ठिकाणी भेटते. नागा, मिझो, तमिळ, मल्याळी, ओडिया पोरांसोबत एका मेसमध्ये जेवणं हेच अर्धं शिक्षण आहे.

इंग्रजी. मराठी मीडियमवाल्यांची सगळ्यात मोठी भीती हीच, आणि मी ती खोटी म्हणणार नाही. पहिले सहा महिने लेक्चर अर्धंच कळतं. पण बोलण्यापेक्षा वाचन आणि लिहिणं जास्त मारतं. आपण सायन्सवाले मुद्दे लिहून, आकृती काढून मोकळे होतो, इथं मात्र दहा पानांचा असाइनमेंट लिहायचा, तीन लेखक काय म्हणतात ते मांडायचं, ते एकमेकांशी कुठं भांडतात ते दाखवायचं आणि मग आपलं मत कारणासकट द्यायचं. फुटनोट कशी द्यायची ते पहिल्या महिन्यातच सीनियरकडून शिकून घ्या, आणि इंटरनेटवरून उचलून चिकटवू नका, पकडल्या जातं. येण्याआधी वर्षभर रोज इंग्रजी बायबलचा एक अध्याय मराठीसोबत समोरासमोर ठेवून वाचा. मराठी तुम्हाला पाठ असतं, त्यामुळं इंग्रजी आपोआप सुटत जातं.

ग्रीक-हिब्रूला, म्हणजे बायबलच्या मूळ भाषांना, घाबरू नका. ग्रीकमध्ये तीन लिंगं आहेत, मराठीतही तीन, नामाला विभक्ती लागते, मराठीत प्रत्यय लागतातच, इंग्रजीत वाढलेल्या पोरांना जे महिनाभर डोक्यात जात नाही ते आपल्याला कानानं कळतं. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर आत्मनेपद आठवा, ग्रीकमधला मिडल व्हॉइस तिथूनच समजायला लागतो. हिब्रूची अक्षरं बावीस, उजवीकडून डावीकडे, एका सुट्टीत घरी बसून पाठ होतात. पंडिता रमाबाईंनी मोठ्या वयात या दोन्ही भाषा शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ साली जाण्याआधी ते काम पूर्ण केलं. आपल्या मुक्ती मिशनचा, म्हणजे निराधार बायामुलींच्या आश्रमाचा, एवढा पसारा सांभाळत त्या बाईनं ते केलं. आपल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगतो. मुलींसाठी आणखी एक, आपलं चर्च बायांना दीक्षा देतं का हे आधीच स्पष्ट विचारा. सीएनआयमध्ये देतात. काही मंडळ्यांत नाही देत, तिथं शिकून काय काम मिळणार ते ठरवूनच निघा, पण शिकायचं सोडू नका.

आता जे मला खरं लिहायचंय ते.

पहिल्या वर्षाच्या मध्यावर बहुतेक सगळ्यांना एक धक्का बसतो. क्लासमध्ये सांगतात की मोशेची पाच पुस्तकं, म्हणजे बायबलची पहिली पाच, एका हातानं एका वेळी लिहिलेली नसावीत, त्यात वेगवेगळ्या काळातले धागे विणलेले दिसतात. यशयाचा चाळीसाव्या अध्यायापासूनचा भाग बाबेलच्या बंदिवासाच्या काळातला असावा. चार शुभवर्तमानांत मार्क आधीचं, आणि मत्तय-लूकनं ते समोर ठेवून लिहिलं असं बरेच अभ्यासक मानतात. ज्यानं आजीच्या मांडीवर बसून हे पुस्तक ऐकलं, ज्याच्या आजोबांनी या विश्वासापायी भावकी सोडली, त्याला रात्री झोप लागत नाही. काहीजण पेटी भरून घरी जातात. काहीजण उलटे होतात, सुट्टीत गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांना सांगायला लागतात की तुम्ही मानता ते सगळं चूक आहे.

दोन्ही करू नका. प्रश्न वहीत लिहा, ज्या सरांशी जमतं त्यांच्याशी बोला, आणि रोजची वैयक्तिक प्रार्थना सोडू नका, अभ्यासासाठी वाचलेलं वचन आणि स्वतःसाठी वाचलेलं वचन वेगळं ठेवा, निदान पहिली दोन वर्षं. पुस्तक कसं तयार झालं हे कळल्यानं त्यातून बोलणारा देव गप्प होत नाही, मी हे अनेक वर्षं मंडळी चालवून म्हणतोय. पण ते कळायला वेळ द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ घरच्या लोकांवर प्रयोग करायचे नाहीत.

आणि तुमचा जुना विषय गेटबाहेर ठेवून येऊ नका. मी पाहतो, पोरं आल्याबरोबर आपण ॲग्रीचे, आपण कॉमर्सचे हे लपवायला लागतात. काहून लपवायचं? बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, १५ व्या अध्यायात, दर सातव्या वर्षी कर्ज सोडून देण्याचा नियम आहे, लेवीय २५ मध्ये पन्नासाव्या वर्षी जमीन मूळ घराण्याकडे परत जाते. ज्यानं पेरणीच्या तोंडावर सावकाराच्या ओट्यावर बाप बसलेला पाहिलाय, त्याला हे वाचताना जे दिसतं ते इतरांना चटकन दिसत नाही. ते लिहा असाइनमेंटमध्ये. नर्सिंगवाली मुलगी पास्टोरल काउन्सेलिंगमध्ये, म्हणजे दुःखात असलेल्याला धीर देण्याच्या विषयात, सगळ्यांच्या पुढं असते कारण मरणाऱ्या माणसाजवळ ती बसलेली असते. कॉमर्सवाल्याला मंडळीच्या ट्रस्टचे हिशोब आणि ऑडिट कळतं, आणि आपल्याकडच्या किती मंडळ्या त्याच भांडणात अडकल्यात ते तुम्हाला माहितीच आहे.

विदर्भातल्या पाळकाला एक अंत्यविधी करावाच लागतो, ज्या घरातल्या कर्त्या माणसानं फवारणीचं औषध घेतलंय त्या घरचा. तिथं काय बोलायचं? जुन्या काळी चर्चमध्ये अशा माणसाला विधीसुद्धा नाकारल्या जायचा. काही लोक अजून त्याच्या बायकोसमोर पापाचं बोलतात. स्तोत्रसंहितेत सगळ्यात जास्त स्तोत्रं विलापाची आहेत, आणि ८८ वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्यात शेवटी आनंद येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि देवालाच उद्देशून आहे. हे मला सेमिनरीत शिकायला मिळालं, आणि नंतर गावाकडे अशा एका घरी गेलो तेव्हा उपदेश न करता तेवढंच वाचलं. अशा गोष्टींसाठी शिकायचं असतं. तुम्ही आलात तर विलापाच्या स्तोत्रांवर पेपर नक्की घ्या.

तसंच दलित थिऑलॉजी, म्हणजे दलितांच्या अनुभवातून मांडलेलं धर्मशास्त्र. १९८१ साली याच बंगळुरूत, युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये, आपल्या महाराष्ट्रातल्याच अरविंद निर्मल यांनी एक भाषण दिलं, भारतीय थिऑलॉजी वरच्या जातींच्या तत्त्वज्ञानातूनच का मांडायची असा प्रश्न त्यात होता, आणि तिथून हा विचार वाढला. नंतर चेन्नईच्या गुरुकुल सेमिनरीत त्यांनी या विषयाचा विभाग चालवला. आपल्या गावात शेजारी बौद्ध घरं आहेत, नागपूरची दीक्षाभूमी आपल्याला परकी नाही, १९५६ आपल्या आजोबांनी पाहिलंय. हा पेपर आपल्या माणसाला जितका घरचा वाटेल तितका कोणाला वाटणार नाही, लाजू नका, वर्गात बोला.

बाकी किरकोळ. ज्वारीची भाकर इथं मेसमध्ये मिळत नाही, भात-सांबाराची सवय करा, रागी मुद्दे मात्र खाऊन बघा, पोटात टिकतं. ठेचा घरून आणा, तमिळ पोरंही मागून खातात. शहर नऊशे मीटर उंचीवर आहे, जून-जुलैत आपल्याकडच्या माणसाला थंडी वाजते, स्वेटर आणा. कन्नड थोडं शिका, 'एष्टु' म्हणजे किती, 'ऊटा आय्ता' म्हणजे जेवण झालं का, एवढ्यानंही वॉचमन आणि ऑटोवाला आपला होतो. रविवारी फील्डवर्कसाठी कुठल्या तरी मंडळीत पाठवतात, भाषा येत नसली तरी जा, संडे स्कूलच्या पोरांत बसा.

पैशाबद्दल, जे चर्च किंवा संस्था स्पॉन्सर करते ती बहुतेक बॉन्ड लिहून घेते, इतकी वर्षं आमच्याकडे सेवा करायची म्हणून. ते वाचा, घरच्यांना वाचून दाखवा, मग सही करा. गावातल्या मंडळीनं महिन्याला थोडंसं जरी पाठवलं तरी घ्या, रक्कम लहान म्हणून नको म्हणू नका, कारण ते पाठवतात तोवर तुम्ही त्यांचे असता. आणि दर महिन्याला मंडळीला एक चिट्ठी लिहा, मराठीत, वर्गात काय शिकलो ते, उपासनेत वाचून दाखवता येईल अशी. निघताना एक आजी म्हणाली होती, 'शिकून येशीन तं आमच्याशी बोलशीन का बावा?' ज्या आठवड्यात हिब्रूचा धडा त्या आजीला कळेल असा लिहिता येत नाही त्या आठवड्यात तो आपल्यालाच अजून कळलेला नाही, असं मी धरायचो.

उन्हाळ्याची इंटर्नशिप मिळते ती शक्यतो विदर्भातच मागून घ्या, मेळघाट, झरी, कुठंही. मे महिना आहे म्हणून टाळू नका.

येणार असाल तर निघायच्या आधी कळवा, पण मंडळीचं पत्र हातात आल्यावर. सोबत बारावी आणि डिग्रीच्या मार्कशीटच्या ओरिजिनल, बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकांचं शिफारसपत्र आणि मेडिकल सर्टिफिकेट ठेवा, प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स गावातूनच काढून आणा. पहिला दिवस-दोन दिवस राहायची सोय आमच्याकडे होते.