सॅकमध्ये वजन घेऊन हिवाळ्यात चालताना या चुका टाळा

पाठीवर वजन घेऊन चालण्याचा व्यायाम दिसायला साधा असला, तरी सुरुवातीलाच अनेकांची मान, कंबर किंवा गुडघे कुरकुरू लागतात आणि सारा दोष थंडीला दिला जातो. बहुतेक वेळा कारण सॅकमध्येच सापडते.

नवशिक्याला शरीराच्या वजनाच्या ५ ते १० टक्के भार पुरतो. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी तो ३ ते ६ किलो होतो. उत्साहाच्या भरात वजन आणि अंतर एकाच आठवड्यात वाढवू नये, कारण स्नायू लवकर सरावले तरी कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) आणि अस्थिबंधांना (हाडे एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्यांना) त्याहून अधिक काळ लागतो.

भार कोठे ठेवला आहे, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. जड वस्तू सॅकच्या तळाशी टाकल्या की त्या मागे ओढतात, तोल सावरण्यासाठी चालणारा नकळत पुढे झुकतो आणि दुखणे कमरेत उतरते. वजन पाठीला लागून, खांद्यांच्या फऱ्यांच्या उंचीवर आणि न हलेल असे टॉवेलात घट्ट गुंडाळून ठेवावे. सुटे डंबेल प्रत्येक पावलाला आतल्या आत आदळतात, म्हणून ते टाळलेलेच बरे. त्यापेक्षा पाण्याच्या बाटल्या सोयीच्या असतात: १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, आणि वाटेत थकवा आला तर पाणी ओतून भार हलका करता येतो.

बोटे बधिर झाली की ती गारठली असावीत असे वाटते. परंतु हातमोजे असूनही मुंग्या येत असतील आणि सॅक उतरवल्यावर त्या थांबत असतील, तर पट्टे खांद्याजवळच्या नसा दाबत आहेत असे समजावे. कमरेचा पट्टा कमरेच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडांवर बसेल असा आवळल्यास खांद्यांवरचा बराच भार तेथे जातो. जाकीट काढल्यावर किंवा घातल्यावर सगळे पट्टे पुन्हा जुळवावे लागतात, हे हमखास विसरले जाते. बधिरपणा टिकून राहिला, तर डॉक्टरांना दाखवावे.

निघतानाच उबदार वाटेल इतके कपडे घातले, तर थोड्याच वेळात सॅकखालची पाठ घामाने भिजते आणि थांबताच अंगात हुडहुडी भरते. सुती बनियन ही ओल धरून ठेवते. त्याऐवजी लोकरीचा किंवा लवकर वाळणारा कृत्रिम धाग्याचा पातळ थर आत घालावा. थंडीत तहान कमी जाणवते, म्हणून पाणी आठवणीने प्यावे.

उतारावर लांब ढांगा टाकल्याने गुडघ्यांवर झटके बसतात. तेथे, तसेच दवाने किंवा बर्फाने निसरड्या झालेल्या वाटेवर, पावले आखूड ठेवावीत. उतरताना गुडघा दुखू लागला, तर काही दिवस रिकाम्या सॅकनेच सपाट रस्त्यावर चालावे आणि दुखणे पूर्ण थांबल्यावरच पूर्वीच्या निम्म्या वजनाने पुन्हा सुरुवात करावी.