पेपर छापायच्या घाईत कॉपीराइटच्या या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पीएचडी करणारे आणि कॉलेजात शिकवणारे जे कोणी आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण पेपर निघेपर्यंत सगळं लक्ष जर्नलच्या नावाकडे असतं, हक्काचा कागद कोणी वाचतच नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कॉपीराइट ट्रान्सफर फॉर्म न वाचता सही करणं. पेपर ॲक्सेप्ट झाल्याचा मेल येतो, सोबत फॉर्म, दोन दिवसांत पाठवा म्हणतात, आणि आपण आनंदात शेवटच्या पानावर सही करून स्कॅन करून मोकळे. त्यात 'ऑल राइट्स, टायटल अँड इंटरेस्ट' असे शब्द दिसले की पेपर छापायचे-वाटायचे हक्क प्रकाशकाकडे गेले समजा, मग स्वतःचीच पीडीएफ रिसर्चगेटवर (संशोधक आपले पेपर टाकतात ती साइट) टाकली तरी काढायला लावू शकतात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात करारात मुदत लिहिलेली नसेल तर 5 वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, पण छापील फॉर्मवर बऱ्याचदा जगभर आणि पूर्ण मुदतीसाठी असं लिहिलेलं असतं, म्हणून त्या ओळी आधी शोधा. आणि बदल मागता येतो हो! 'थिसिसमध्ये, वर्गात आणि पुढच्या पुस्तकात वापरायचा हक्क माझ्याकडे राहील' एवढं वाक्य घालायला सांगा, फार तर नाही म्हणतील.

सही होऊन गेली असेल तर? जर्नलच्या साइटवर सेल्फ-आर्कायव्हिंगचे, म्हणजे आपला पेपर आपणच ऑनलाइन टाकण्याचे, नियम बघा. रिव्ह्यूनंतर सुधारलेली आपली वर्ड फाइल काही महिन्यांनी टाकायची परवानगी पुष्कळ जर्नल देतात, त्यांनी मांडणी केलेली पीडीएफ सहसा नाही. थिसिस शोधगंगावर, म्हणजे थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात, जाऊन सगळ्यांना दिसणार असतो, त्यामुळे हे सबमिशनच्या आधीच बघून ठेवा. एल्सवियरसारखे मोठे प्रकाशक लेखकाला स्वतःचा पेपर थिसिसमध्ये घालू देतात, पण सगळेच देतात असं धरून चालू नका.

दुसरी चूक, 'खाली संदर्भ दिलाय ना, मग झालं'. नाही झालं. संदर्भ दिल्याने चोरीचा आरोप टळतो, दुसऱ्याची आकृती किंवा फोटो जसाच्या तसा छापायला परवानगी लागू शकते ती वेगळी. यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचोरीविरोधी नियमांतले 10 टक्के हे मजकूर जुळण्याचे आहेत, कॉपीराइटशी त्यांचा संबंध नाही, जुळणी तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये 4 टक्के आले म्हणून गूगलवरून उचललेला नकाशा चालून जात नाही. आकड्यांवर कॉपीराइट नसतो, तेव्हा केळीच्या उत्पादनाचे आकडे घ्या, आलेख स्वतः काढा आणि आकडे कुठून घेतले ते लिहा.

आता आपल्या भागातली गोष्ट. अहिराणी लोकगीतांवर, कानबाईच्या गाण्यांवर काम करणारे बरेच आहेत. पारंपरिक गाणं कोणा एकाचं नसतं हे खरं, पण ते गाणाऱ्या मावशीला कलाकार म्हणून कायद्याने हक्क आहे, तोही 50 वर्षांचा. निव्वळ संशोधनासाठी रेकॉर्डिंग केलं तर कायद्याची हरकत नाही, पण तीच क्लिप यूट्यूबवर गेली किंवा पुस्तकासोबत विकली की मामला बदलतो. म्हणून मोबाइल सुरू केल्यावर आधी मावशींचं नाव, गाव, आणि हे कुठे कुठे वापरायचं ते त्यांच्याच भाषेत सांगून त्यांचा होकार रेकॉर्ड करा. पेपरमध्ये 'एक वृद्ध महिला' असं लिहून मोकळं होऊ नका, त्यांची इच्छा असेल तर नाव छापा. ज्यांच्या तोंडून सगळं आलं त्यांचंच नाव नसणं हे मला फार लागतं.

पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून जर्नलला फी भरली म्हणजे हक्क आपल्याकडेच राहिला असंही नाही, लायसन्स कोणतं आहे ते बघा. सीसी बाय (क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स) असेल तर तुमचं नाव देऊन कोणीही तो पेपर वापरू शकतो, धंद्यासाठीसुद्धा, त्याला एनसी (नॉन-कमर्शियल) जोडलेलं असेल तर धंद्यासाठी नाही.

केळीच्या खोडापासून धागा काढायचं मशीन वगैरे बनवत असाल तर पेटंटचा अर्ज आधी, पेपर नंतर, कारण छापून आलेली गोष्ट कायद्याच्या नजरेत नवी राहत नाही. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज करून ठेवला की पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात.

आणि तुमचाच पेपर कोणी स्वतःच्या नावाने छापला तर नुसता फोन करत बसू नका. तुमच्या पेपरची तारीख, दोन्ही पीडीएफ आणि जुळणारे परिच्छेद रंगवून त्या जर्नलच्या संपादकाला मेल करा, पेपर मागे घ्यायची मागणी लेखी करा, हक्क प्रकाशकाला दिलेला असेल तर त्यालाही मेलमध्ये घ्या. रजिस्ट्रेशन केलेलं नाही म्हणून गप्प बसू नका, लिहिल्या क्षणापासून कॉपीराइट असतो, नोंदणी सक्तीची नाही.