संवाद-आराखड्याआधी अधिकारांचा तक्ता काढा

प्रकल्प सुरू झाला की पहिल्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपचा गट तयार होतो, सगळ्यांचे क्रमांक त्यात जोडले जातात आणि संवादाची सोय झाली असे गृहीत धरले जाते. नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या शेडवाढीच्या कामावर मीही तेच केले होते. विद्युत विभागाने पॅनेलची जागा बदलली, सुधारित ड्रॉइंग गटावर आले आणि सुपरवायझरने ते पाहिलेही. परंतु चालू काम थांबवण्याचा आदेश त्याला कोणी द्यायचा हे ठरलेले नसल्यामुळे पाया जुन्याच जागी ओतला गेला आणि आठवड्याभराने तो फोडावा लागला. तेव्हापासून कोणताही संवाद-आराखडा, म्हणजे कोणता संदेश कोणी कोणाला कसा पाठवायचा याची मांडणी, करण्यापूर्वी मी संस्थेची रचना, म्हणजे कोणाचा अधिकार कोणावर चालतो हे, कागदावर मांडतो.

कार्यालयातील भिंतीवरचा पदांचा तक्ता त्यासाठी पुरेसा नसतो. प्रत्येक सहभागी व्यक्तीबाबत तीन गोष्टी विचाराव्यात: तिची रजा कोण मंजूर करतो, तिचे वार्षिक मूल्यमापन कोण लिहितो आणि तिने मागितलेल्या खर्चावर सही कोणाची लागते. तिन्हींचे उत्तर विभागप्रमुख असेल, तर रचना विभागवार आहे. उत्पादन, देखभाल, खरेदी, लेखा असे विभाग असलेल्या कारखान्यांत बहुधा हीच रचना आढळते. अशा ठिकाणी प्रकल्प व्यवस्थापक खरे तर समन्वयक असतो. म्हणून कामाची विनंती थेट अभियंत्याकडे न पाठवता विभागप्रमुखामार्फत पाठवावी आणि उत्तराची मुदत त्याच्याशीच आधी ठरवून घ्यावी.

तिन्ही उत्तरे प्रकल्प व्यवस्थापकाकडे येत असतील, तर रचना प्रकल्पनिष्ठ आहे. नागपूर मेट्रोसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली आणि २०१७ मध्ये तिची महामेट्रो झाली. एका मोठ्या कामासाठी वेगळी संस्था उभारण्यामागे हाच विचार असतो. तेथे आदेश लवकर पोहोचतात, मात्र काम संपल्यावर माणसे पांगतात आणि त्यांच्याबरोबर माहितीही जाते. त्यामुळे निर्णयांची नोंद पहिल्या दिवसापासून लेखी ठेवावी.

सर्वाधिक गुंता मॅट्रिक्स रचनेत होतो. १९६० च्या दशकात अमेरिकेतील अवकाश आणि संरक्षण प्रकल्पांतून ती रूढ झाली, कारण मोजक्या तज्ज्ञांना एकाच वेळी अनेक प्रकल्पांना पुरवावे लागत होते. यात एकाच अभियंत्याला दोन वरिष्ठ असतात. विभागप्रमुखाचे वजन अधिक असेल तर मॅट्रिक्स कमकुवत, प्रकल्प व्यवस्थापकाचे अधिक असेल तर सशक्त आणि दोघांचे सारखे असेल तर संतुलित मानतात. ‘संतुलित’ हा शब्द ऐकायला बरा वाटतो, परंतु माझ्या मते संवादासाठी हीच रचना सर्वांत जोखमीची आहे, कारण दोन्ही वरिष्ठ प्रामाणिकपणे वेगवेगळ्या सूचना देतात आणि मधला माणूस गप्प बसतो. म्हणून येथे एक लेखी करार हवाच: काम कसे करायचे हे विभागप्रमुख सांगेल, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचे हे प्रकल्प व्यवस्थापक सांगेल आणि मतभेद झाल्यास अमुक वरिष्ठ चोवीस तासांत निर्णय देईल. त्या वरिष्ठाचे नाव करारात असलेच पाहिजे.

इतके झाल्यावर आराखडा हाती घ्यावा. माणसांची संख्या n असेल तर संवादाच्या वाटा n(n−१)/२ इतक्या होतात. सहा माणसांत १५, तर बारा माणसांत ६६. म्हणूनच सर्वांना सर्व काही पाठवू नये. प्रत्येक प्रकारच्या संदेशासाठी एक ओळ लिहावी: मजकूर काय, पाठवणारा कोण, त्यावर कृती कोणी करायची, केवळ माहितीसाठी कोणाला द्यायचा, कोणत्या माध्यमातून आणि पोच किती वेळात यावी. ड्रॉइंगमधील बदलासाठी मी आणखी एक अट घालतो: जुनी प्रत साइटवरून परत आल्याशिवाय नवी प्रत लागू झाली असे मानायचे नाही.

भाषेचा विचारही याच टप्प्यावर व्हावा. ड्रॉइंग इंग्रजीत, बैठक मराठीत आणि छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशातून आलेल्या मजुरांशी बोलणे हिंदीत, असे नागपूरच्या साइटवर नेहमीच घडते. मुकादमाने सूचना आपल्या शब्दांत परत सांगावी, मापे मात्र आकड्यांत लिहून घ्यावीत.

वेळापत्रक शहराच्या ऋतुमानाला धरून असावे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, दुपारी उघड्यावरचे काम थांबवावे लागते. अशा वेळी दुपारी चारची साइट-बैठक सकाळी सातला घ्यावी. शासकीय मंजुऱ्यांवर अवलंबून असलेल्या कामांनी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा काळही लक्षात घ्यावा, कारण त्या दिवसांत अधिकारी अधिवेशनाच्या कामात गुंतलेले असतात. तशी पत्रे नोव्हेंबरमध्येच द्यावीत.

आराखडा तयार झाला की पहिल्याच आठवड्यात एखादा छोटा, खराखुरा बदल त्याच वाटेने पाठवून पाहावा. तो मुकादमापर्यंत किती तासांत पोहोचला, वाटेत कोणाकडे थांबला आणि पोच कोणाकडून आली नाही, हे नोंदवून त्या त्या ओळी लगेच दुरुस्त कराव्यात.